डाव्या चाकाची मोगरी

"पाणी दाराकडे येतंय," मम्मी आतून म्हणाली.

"किती?" पप्पांनी बाहेरून विचारलं.

"किती म्हणजे? येतंय एवढं खरं. आणखी आलं तर माझ्या मांडीवर येईल."

"ताई, पाणी चुकतंय," हेमंतमामा म्हणाला. "ॲप झिरो दाखवतंय. एकदम झिरो."

आप्पा माझ्याकडे वळले. "पुण्याला पाणी बी चुकतं का माय?"

सातपुड्याच्या पायथ्याशी एका धरणाच्या काठावर आम्ही उभे होतो. 'वाहने सपाट जागेवरच लावावीत' अशी तिथे ठसठशीत पाटी होती आणि सपाट जागा कुठेच नव्हती. सगळं मैदान पाण्याकडे उतरत गेलेलं. त्या उतारावर, पाण्याकडे पाठ करून, आमची टपरी उभी होती.

टपरी हे आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ठेवलेलं नाव. पप्पा तिला कॅराव्हॅन म्हणायचे. पप्पांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, केळी वाहायच्या ट्रॉल्या बनवतात. त्या वर्षी त्यांनी दूध डेअरीच्या जुन्या गाडीची बॉडी दोन चाकांच्या ट्रॉलीवर चढवली, आत ओटा, बाकडी आणि पडदे बसवले, पाठीवर 'घर माझं, रस्ता तुझा' असं रंगवून घेतलं आणि जाहीर केलं की दिवाळीची सुट्टी आता ह्याच घरात. बोलेरोच्या मागे ती जोडून आम्ही निघालो, तेव्हा गल्लीतली सगळी माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली होती. कौतुकाने का काळजीने, ते चेहऱ्यांवरून कळत नव्हतं.

मी तेव्हा आठवीत होते. आता दहावीत आहे, आणि आता मी वर्गात हात वर न करताही बोलते, त्याबद्दल बाईंची तक्रार आहे. तेव्हा मी हात वर करूनही बोलत नसे. हा फरक त्या दुपारी पडला, म्हणून ती दुपार सांगते.

तर, टपरी डावीकडे कलली होती. मम्मी गणिताची शिक्षिका, म्हणून परातीत पाणी घेऊन आत बसायचं आणि पाणी कुठे जातंय ते सांगायचं काम तिचं. हेमंतमामा मम्मीचा धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने आपला मोबाइल ओट्यावर आडवा ठेवला होता आणि दर मिनिटाला आत डोकं घालून तो झिरो म्हणत होता.

शेवटी आप्पा उठले. डब्यातून रव्याचा एक लाडू घेतला, आत गेले, आणि ओट्यावर मोबाइलशेजारी लाडू ठेवला. लाडू जागच्या जागी राहिला. मग त्यांनी तोच लाडू खाली जमिनीवर ठेवला. लाडू गडगडत दारातून बाहेर पडला.

"लाडूचं काय म्हणणं आहे, पाहुणे?" आप्पांनी मामाला विचारलं.

मामाने जरा विचार केला. "म्हणजे ॲप बरोबर आहे. ओटा वाकडा आहे."

"ओटा मी स्वतः वेल्ड केलाय," पप्पा म्हणाले.

"म्हणूनच," मम्मी आतून म्हणाली.

पप्पा बोलेरोत जाऊन बसले. डाव्या चाकापाठीमागे आम्ही एक फळी ठेवली, पप्पांनी टपरी मागे घेऊन चाक फळीवर चढवलं. मम्मी म्हणाली, "अजून." दुसरी फळी ठेवली. "अजून थोडंसं. नाही, आता उजवीकडे गेलं. आता माझ्या साडीवर गेलं." असं करत करत पाणी एकदाचं परातीच्या मधोमध आलं आणि पप्पांनी गाडी बंद केली.

"आता चाकांना पाचरी लावायच्या," पप्पा म्हणाले, "आणि मग गाडी सोडवायची. त्याशिवाय नाही. उतार आहे." पाचरी त्यांनी खास बनवल्या होत्या, लोखंडी, पिवळ्या रंगाच्या, वर काळे पट्टे. त्यांनी बोलेरोची डिकी उघडली. मग मागची सीट. मग सीटच्या खाली. मग ते कमरेवर हात ठेवून धरणाकडे बघत राहिले.

"कुठे राहिल्या?" मामाने विचारलं.

"रंग वाळायला ठेवल्या होत्या."

"वाळला असेल आता," मम्मी आतून म्हणाली.

"आणि हँडब्रेक, दाजी?"

"दांडा बसवलाय की. वायर पुढच्या महिन्यात."

तेव्हा आप्पा म्हणाले, "माझी मोगरी आहे ना."

आता मोगरीबद्दल सांगायला पाहिजे, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आमच्या गावात कार्तिकी एकादशीला बालाजीचा रथ निघतो. लाकडी, दुमजली घराएवढा उंच, ना स्टिअरिंग ना ब्रेक. लोक दोरखंड धरून ओढतात. तो थांबवायचा किंवा वळवायचा, तर चालत्या चाकापुढे मोगरी टाकायची. मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची जाडजूड पाचर, तिला मागे लांब दांडा. डाव्या चाकापुढे टाकली की रथ डावीकडे वळतो. आरतीपुरता रथ थांबतो तेव्हा चाकाखाली मोगरी असते. आरती संपली, 'बालाजी महाराज की जय' झालं, की मोगरी मागे ओढायची आणि रथ निघतो. ऐकायला सोपं आहे. पण मोगरी जरा चुकीची पडली तर चाक तिच्यावर चढतं, आणि मग रथ कुठे जाईल ते फक्त बालाजीला माहीत.

डाव्या चाकाच्या मोगरीचा मान आम्हा फेगड्यांचा. पप्पांच्या जन्माआधीपासून ती आप्पांच्या हातात. मधे एकच वर्ष पप्पांनी धरली होती. त्या वर्षी रथ भवानी स्वीट्सच्या पायऱ्या चढला आणि जिलेबीच्या कढईपाशी जाऊन थांबला. तेव्हापासून भवानी स्वीट्सचे काका पप्पांना बघितलं की कढई आत घेतात, रथ असो वा नसो.

पण आता आप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे कुरकुरत होते, आणि देवळाच्या पंचांनी निरोप पाठवला होता: फेगडे आप्पा, यंदा तुमच्या घरचा दुसरा माणूस सांगा, नाहीतर मान झोप्यांच्या दिनेशकडे जाईल. एकादशी तोंडावर आली होती.

दुसरा माणूस मी आहे, असं माझं म्हणणं होतं. मी कितीतरी महिने वर्कशॉपच्या मागे, गॅस सिलेंडरच्या ट्रॉलीपुढे लाकडाचा ठोकळा टाकून सराव करत होते. घराबाहेर तोंडातून शब्द फुटत नसला तरी हे एक वाक्य मी त्या दिवशी गाडीत, सगळ्यांदेखत, एकदम बोलून टाकलं होतं. "आप्पा, यंदा मी धरू का मोगरी?"

आप्पा खिडकीबाहेर केळीची शेतं बघत होते. "बघू," ते म्हणाले.

आमच्या घरात आप्पांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. फक्त त्या 'नाही'ने चप्पल काढलेली असते, म्हणून आवाज होत नाही.

एकादशी आली की आप्पा आपल्या जुन्या दोन्ही मोगऱ्या तेल पाजायला काढतात, म्हणून त्या सुट्टीतही त्यांनी त्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून बरोबर आणल्या होत्या. एक त्यांनी डाव्या चाकामागे, पाण्याच्या बाजूने, चपखल बसवली आणि दांडा धरून शेजारी उकिडवे बसले. दुसरी माझ्याकडे दिली.

"ही उजवीकडे लावू?" मी विचारलं.

"दोन कशाला लागतात? एवढा रथ मी एका मोगरीवर धरला, ही टपरी धरणार नाही का? तू तेल लाव त्या मोगरीला. आणि दांड्याला लावू नको, हातातून सटकतो."

मी तेलाची बाटली घेऊन बसले. खूप राग आला होता, पण तेल मात्र नीट लावलं.

पप्पा पुढे गेले. टपरीचा दांडा बोलेरोच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसवलेला असतो, वरून वाटीसारखं झाकण. आधी टपरीच्या पुढचं छोटं चाक खाली सोडायचं, ते फिरवून दांडा वर उचलायचा, म्हणजे वाटी गोळ्यावरून सुटते. दोन्ही बाजूंना साखळ्या असतात, चुकून वाटी सुटलीच तर टपरी निसटू नये म्हणून. त्या सगळ्यात शेवटी काढायच्या असतात.

"साखळ्या मी काढल्यात, दाजी," मामा आनंदाने म्हणाला. "तुमच्या पायात येत होत्या."

पप्पांचं लक्ष नव्हतं. ते चाकाची मूठ फिरवत होते आणि वाटी काही सुटत नव्हती. त्यांनी हातोडीने ठोकलं. मामाने यूट्यूब बघून सांगितलं की ठोकायचं नाही. पप्पांनी आणखी जोरात ठोकलं.

"पाणी हलतंय," मम्मी म्हणाली.

"हलू दे."

"मधोमध आलेलं हलतंय. परत मला बसवाल इथे. माझे पाय आखडलेत."

"हेमंत, गाडी चालू कर आणि केसभर मागे घे. केसभर म्हणजे केसभर."

मामाने गाडी केसभर मागे घेतली. पप्पांनी मूठ फिरवली. कट्ट आवाज झाला आणि वाटी गोळ्यावरून अलगद वर आली. मामाने गाडी पुढे नेली. टपरी आपल्या दोन चाकांवर, पुढच्या छोट्या चाकावर आणि आप्पांच्या मोगरीवर एकटी उभी राहिली. बाहेरून बघितलं तर अगदी घरासारखी दिसत होती.

पप्पा कपाळावरचा घाम पुसत मागे सरले. आयुष्यात त्यांनी बनवलेली ही पहिली वस्तू, जी केळी वाहत नव्हती. त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की पुढचं जे झालं त्याबद्दल मला त्यांच्यावर कधीच रागावता आलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बोला, बालाजी महाराज की…"

"जय," मामा म्हणाला. "जय," मी म्हणाले. "जय," मम्मी आतून म्हणाली.

आणि आप्पांनी मोगरी ओढली.

त्यांनी ओढली असं म्हणणंही बरोबर नाही. हाताने ओढली. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. लग्नाच्या पंगतीत जयकार झाला की आप्पांचा उजवा हात आपोआप मागे जातो. एकदा त्या हातात मठ्ठ्याचा द्रोण होता आणि मागच्या पंगतीत नवरीकडचे लोक होते. पण पंगतीतली गोष्ट टपरीच्या वेळी कुणाला आठवते?

चाक फळ्यांवरून धप्पकन खाली उतरलं आणि टपरी पाण्याकडे निघाली. सावकाश, म्हातारी बाई देवळाला निघावी तशी.

"अहो, सांगून हलवायचं ना," मम्मी आतून म्हणाली.

आप्पा हातातल्या मोगरीकडे बघत बसले होते. पप्पा टपरीचा पुढचा दांडा धरायला धावले, दांड्याने त्यांना फरफटत चार पावलं नेलं आणि बाजूला सोडून दिलं. मामा गाडीतून ओरडत होता की हँडब्रेक ओढा. टपरीच्या पाठीवरचं 'रस्ता तुझा' धरणाकडे चाललं होतं, आणि धरणापाशी रस्ता संपत होता.

मी उठलेली मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी डाव्या चाकाच्या पुढे पळत होते, पाण्याच्या बाजूला, आणि हातात तेलाची मोगरी होती. टपरी आता म्हातारी राहिली नव्हती. मी मोगरी टाकली. सरळ चाकासमोर टाकली, आणि चाक तिला बाजूला उडवून पुढे आलं.

पप्पांनी जिलेबीच्या वर्षी नेमकं हेच केलं असणार, असं मला पळता पळता वाटलं.

मी मोगरी उचलली आणि परत पुढे गेले. ह्या वेळी बघितलं. चाकाकडे नाही, चाक जमिनीला जिथे टेकत होतं तिथे. आप्पा तिथेच बघतात, ते मी लहानपणापासून रथाच्या दोरखंडाआडून पाहिलं आहे. मग मोगरी बाजूने, तिरकी सरकवली, आणि चाकाला तिला नुसतं शिवू दिलं. चाकाने ती चावली. दांडा माझ्या हातात थरथरला, मी सोडला. डावं चाक जागीच रुतलं, उजवं पुढे गेलं, आणि सगळी टपरी डाव्या पायावर गिरकी घेतल्यासारखी वळून काठाशी आडवी झाली. एकदा मागे, एकदा पुढे झुलली. थांबली.

पाण्याची एक छोटी लाट आली आणि उजव्या चाकाला लागून परत गेली.

पप्पा धावत येत होते, त्यांची एक चप्पल वर उतारावर राहिली होती. टपरीचं दार उघडलं. मम्मी दारात उभी होती, कमरेपासून खाली ओलीचिंब, हातात परात. परातीत अर्धं पाणी उरलं होतं. ती आमच्या सगळ्यांकडे बघत होती, जसं वर्गात गोंधळ झाल्यावर बघते, म्हणजे गुन्हेगार कोण ते आधीच ठरवून. मग तिने दारातच बसून परात टपरीच्या जमिनीवर ठेवली आणि वाकून पाहिली.

"मधोमध," ती म्हणाली. "आता कुणीही हिला हात लावायचा नाही."

पप्पा तिथेच मातीत बसले आणि हसायला लागले, ते इतकं, की मामाने त्यांना पाणी आणून दिलं. मग पप्पांनी आणि मामाने दोन्ही चाकांना पुढून मागून एवढे दगड लावले की दुसऱ्या दिवशी निघताना ते काढायलाच तासभर लागला.

मी आप्पांकडे गेले. ते वर उतारावर तसेच बसले होते, मोगरी मांडीवर घेऊन, उजवा हात तिच्यापासून दूर ठेवून. दुसऱ्याचा हात असावा तसा.

"आप्पा, लागलं का?"

"सून आत होती," ते म्हणाले.

"तिला काही झालं नाही. ती म्हणते आता बरोबर लेव्हल झाली."

ते हसले नाहीत. खालच्या टपरीच्या डाव्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, "कुठे शिकलीस?"

"सिलेंडरच्या ट्रॉलीवर."

"भरलेल्या का रिकाम्या?"

"आधी रिकाम्या. मग भरलेल्या."

"पहिल्यांदा चुकली."

"हो."

"दुसऱ्यांदा दांडा उशिरा सोडला. रथ असता तर मनगट गेलं असतं." त्यांनी माझं मनगट धरून उलटंसुलटं करून पाहिलं, बाजारात भेंडी बघतात तसं. "माझ्या हातात एवढी वर्षं मोगरी होती, पण काढायच्या आधी डोळे बघायचे. आज डोळे बघायचे राहिले आणि हाताने नुसतं ऐकलं. काय लक्षात ठेवशील?"

"जयकार झाला तरी आधी बघायचं."

"सगळं गाव ओरडलं तरी. देव ओरडला तरी. आधी बघायचं, मग ओढायची." त्यांनी मांडीवरची मोगरी माझ्या मांडीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "चल. उन्हं आहेत तोवर दहा-वीसदा टाकून दाखव. ए भो," त्यांनी पप्पांना हाक मारली, "ती चाकं सोडव. पोरीला टपरी ढकलून दे."

"कुणीही हात लावायचा नाही," मम्मी आतून म्हणाली.

शेवटी पप्पांनी बोलेरो ढकलली.

पंचांनी काय म्हटलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. पोरगी आहे म्हणाले. आठवीतली आहे म्हणाले. हाताचं काम आहे म्हणाले. आप्पा म्हणाले, हाताचं असतं तर मीच केलं असतं. मग खूप चहा झाला आणि असं ठरलं की तेजल फेगडेने, म्हणजे मी, देवळापासून पहिल्या वळणापर्यंत डाव्या चाकाची मोगरी धरायची, पुढे दिनेशने. पहिलं वळण म्हणजे भवानी स्वीट्स.

एकादशीला आम्ही वळणावर आलो तेव्हा काकांनी मला बघितलं, मग माझ्या मागे पप्पांना बघितलं, आणि कढई आत घेतली. रथ आरतीला थांबला होता. माझी मोगरी चाकाखाली होती, दांडा माझ्या हातात. वर झेंडूच्या माळा, पुढे दोरखंडाला लोंबकळलेली माणसं. आप्पा स्वीट्सच्या पायरीवर उभे होते, दोन्ही हात मागे, आणि मम्मीने ते दोन्ही हात आपल्या हातांनी घट्ट धरून ठेवले होते.

आरती संपली. सगळं गाव एका आवाजात 'जय' म्हणालं. दोरखंड ताणला गेला. पायरीवर मम्मी अर्धं पाऊल मागे ढकलली गेली.

मी आधी पाहिलं. एक लहान मुलगी रथासमोर पडलेला फुगा उचलायला वाकली होती. तिच्या आईने तिला उचललं.

मग मी मोगरी ओढली.